15 मीटरच्या मोटर यॉटला पतंग लावला तर डिझेल खरंच वाचतं का?

दर्याफेरी:
बोट 15 मीटरची, वजन 30 टन, डिस्प्लेसमेंट हल (पाणी कापत संथ चालणारा सांगाडा), एकच डिझेल इंजिन. 7 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ताशी साधारण साडेसात लिटर डिझेल लागतं. लांबच्या पल्ल्यात वारा बहुतेक वेळ मागून, 12 ते 20 नॉट. कील (तळाचा वजनदार कणा) नाही, त्यामुळे डोलकाठी आणि शीड नको. 2008 साली ‘बेलुगा स्कायसेल्स’ या मालवाहू जहाजाने 160 चौरस मीटरचा पतंग वापरला होता. मी 20 चौरस मीटरचा धरतोय. खरी बचत किती होईल? दोर कुठे बांधायचा? आणि पतंग पाण्यात पडला तर?

वारामापी:
आधी हिशेब करू. 15 नॉट म्हणजे डेकवर 7.7 मीटर प्रतिसेकंद. उघड्या समुद्रावर 100 मीटर उंचीवर तोच वारा सुमारे 10 होतो. बोट त्याच दिशेने 3.6 ने पळतेय, म्हणजे पतंगाला मिळतो 6.3. एवढ्या वाऱ्यात 20 चौरस मीटरचा पतंग एका जागी उभा राहिला, तर ओढ जेमतेम 390 न्यूटन, म्हणजे 40 किलो. 30 टनांच्या बोटीला ती जाणवणारही नाही.

सगळी करामत पतंग पळवण्यात आहे. आडवा आठ काढत तो वाऱ्याच्या तिप्पट वेगाने फिरला की ओढ नऊपट होते: साडेतीन किलोन्यूटन. दोर पाण्याशी 30 अंशांत असेल तर त्यातली 3 पुढे ओढते. तिला 3.6 ने गुणलं की 11 किलोवॅट. वळणांवर पतंग मंदावतो, म्हणून सरासरी निम्मी धरा. पंख्याची (प्रोपेलरची) कार्यक्षमता 55 टक्के मानली तर साडेपाच किलोवॅटची ओढ इंजिनच्या 10 किलोवॅटचं काम करते. ताशी अडीच लिटर वाचतात, म्हणजे तुमच्या खर्चाचा तिसरा हिस्सा. पण फक्त पतंग ओढत असेल त्या तासांपुरता. वारा बाजूच्याही पुढून यायला लागला की पतंग उतरवायचा.

25 नॉटची प्लेनिंग (पाण्यावरून घसरत धावणारी) बोट असती तर नाही म्हणालो असतो. ती वाऱ्यालाच मागे टाकते, वारा कायम समोरून लागतो.

नाळ_आणि_नांगर:
वरच्या हिशेबात एक धोका दडलाय. वारा 15 चा 25 नॉट झाला की ओढ पावणेतीनपट होईल असं वाटतं, पण होते चौपटीहून जास्त, कारण बोटीचा वेग दोन्ही वेळा तेवढाच वजा होतो. साडेतीनशे किलोचे दीड टन होतात. सगळी जोडणी दीड टनाला करा आणि 20 नॉटलाच पतंग उतरवा.

दोर नाळेजवळ (बोटीच्या पुढच्या टोकाजवळ), डेकला जितका खाली जाईल तितका खाली बांधा. ओढ डेकच्या पातळीवर लागते म्हणूनच कील नसलेली बोट ती सोसते. तीच ओढ केबिनच्या छतावर नेली तर बोट कलंडायला लागेल. विंडलासला (नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राला) बांधू नका. त्याचा शाफ्ट साखळीच्या आडव्या ताणासाठी असतो, पतंग वर खेचतो. स्वतंत्र पॅडआय (डेकला बोल्टने बसवायची कडी) बसवा: चार बोल्ट, डेकखाली आधाराला जाड बॅकिंग प्लेट, शक्यतो बल्कहेडच्या (आतल्या आडव्या भिंतीच्या) डोक्यावर. डेक सँडविचचा (दोन कडक थरांमध्ये हलका गाभा) असेल तर बोल्टांभोवतीचा कोअर, म्हणजे तो गाभा, काढून तिथे इपॉक्सी भरा, नाहीतर पाणी शिरून तो कुजतो आणि बोल्ट उपटून येतात.

100 मीटर उंची आणि 30 अंश म्हणजे दोर 200 मीटर लागणार. 8 मिलीमीटरचा डायनीमा (हलका, फार मजबूत कृत्रिम दोर) पुरे. त्याला गाठ मारू नका. गाठीत त्याची ताकद निम्म्याखाली जाते आणि ती घसरतेही. स्प्लाइस (दोराचं टोक त्यातच विणून केलेला फासा) आणि थिंबल (फाशाच्या आत बसणारी खाचेची कडी) वापरा. डेकच्या टोकाला ताणाखाली उघडणारा शॅकल (जोडकडी) हवाच. एवढ्या लांब दोरावर डेकवरून वळवण्याच्या दोऱ्या ओढल्या तर झोळ आणि ताणामुळे पतंग उशिरा वळतो. म्हणून वळवणारी मोटर पतंगाखालीच, कण्णीच्या मुळाशी असलेली बरी.

दर्याफेरी:
पतंग ओढायला लागल्यावर इंजिनचं काय? थ्रॉटल आहे तिथेच ठेवायचा?

गिअरतेल:
नाही, इथेच बहुतेकांची बचत बुडते. आरपीएम तेच ठेवले तर बोट 7 ची साडेसात-आठ नॉट पळते. 15 मीटरच्या हलला त्या वेगात लाटेचा विरोध झपाट्याने वाढतो, पतंगाची कमाई त्यातच जाते. वेग 7 वर ठेवा आणि आरपीएम उतरवा. बचत ताशी न मोजता प्रति सागरी मैल मोजा.

तुमचं इंजिन 30 ऐवजी 20 किलोवॅटवर चालेल. ते 90-100 किलोवॅटचं असेल तर हा फार हलका भार आहे. तासन्‌तास असं चालवलं की सिलिंडर गुळगुळीत होतात, तेल खायला लागतात. दर काही तासांनी अर्धा तास जोरात चालवून इंजिन तापवा. इंजिन पूर्ण बंद करून पंखा मोकळा फिरू द्यायचा असेल तर गिअरबॉक्सची पुस्तिका आधी पाहा. बऱ्याच गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद म्हणजे बेअरिंग कोरडी.

आता पतंग पडण्याचं. वारा मागून असतो, म्हणजे पतंग तुमच्या समोर सुमारे 170 मीटरवर पडतो आणि बोट पाऊण मिनिटात त्याच्यावर पोचते. डायनीमा तरंगतो, तो सरळ पंख्यात जातो. क्रम असा: गिअर न्यूट्रल, मग सुकाणू वळवून पतंग बाजूला घ्यायचा, मग दोर गोळा करायचा. रिव्हर्स मारू नका, पंखा दोर ओढून घेतो. मुख्य दोर धरून खेचलात तर पतंग पाण्याने भरतो आणि हलत नाही. पतंगाच्या एका टोकाला वेगळी दोरी ठेवा. तिच्याने ओढला की तो चिंधीसारखा मागे येतो. फुगवलेल्या कडेचा पतंग तरंगतो आणि पुन्हा उडवता येतो. हवेच्या कप्प्यांचा बांधणीला सुटसुटीत, पण पाण्यात पडला की कप्पे भरतात.

वारामापी:
एक राहिलं. इंजिन चालू आहे तोवर टक्कर-प्रतिबंधक नियमांत तुम्ही यंत्रचलित बोटच आहात. पतंगामुळे शिडाच्या बोटीचा हक्क मिळत नाही, वाट तुम्हीच द्यायची. दिवसा पुढे टोक खाली केलेला काळा शंकू लावा. 100 मीटरवर पतंग न्यायच्या आधी त्या भागातले हवाई उंचीचे नियम तपासा, आणि ढग गडगडायला लागले की ओला दोर हातात धरू नका.