दोन सेकंद चालतं आणि मरतं: १५ हॉर्सपॉवर टू-स्ट्रोक आउटबोर्ड

वल्हेकरी
होडीच्या मागे लावायचं, दोन सिलिंडरचं, दोरीने ओढायचं इंजिन. तीन महिने झाकून ठेवलं होतं. रविवारी होडी पाण्यात उतरवली आणि तेव्हापासून एकच खेळ चाललाय: चोक ओढला की चौथ्या-पाचव्या झटक्याला सुरू होतं, दोन सेकंद झकास वाजतं, आणि मग कुणी गळा दाबल्यासारखं बंद. चोक न लावता तर हूं की चूं नाही. दोन्ही प्लग नवे टाकले, काडीचा फरक नाही. तळहाताला फोड आलेत. वर मेहुण्याने वल्ही मारत किनाऱ्याला आणलं, ते आता वर्षभर ऐकावं लागणार. सुरुवात कुठून करू? कार्ब्युरेटर उघडायची हिंमत होत नाही. मागच्या वेळी एक स्प्रिंग उडाली, ती अजून सापडलेली नाही.

सुकाणू७
लाल दोरीची क्लिप (निघाली की इंजिन बंद करणारी) नीट बसलीय का? हसू नका, मी एकदा क्लिप खिशात ठेवून अर्धा तास दोरी ओढली आहे.

जुनाप्लग
क्लिपची शंका रास्त, पण इथे लागू नाही. क्लिप नसती तर ठिणगीच पडली नसती आणि दोन सेकंदही चाललं नसतं. करंट आहे, वल्हेकरी. प्लगवर खर्च उगाच केलात. चोकने जे पेट्रोल आत ओढलं तेवढं जळतं आणि मागून नवं येत नाही, असं दिसतंय.

आता टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपमधला रबरी फुगा बघा. बाण वरच्या दिशेला येईल असा उभा धरा, आडवा नको, आतल्या झडपा उभ्यानेच नीट बसतात. मग दाबत राहा. कडक झाला तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतंय, दोष कार्ब्युरेटरमध्ये. चपटा होऊन तसाच बसला तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर कुठून तरी हवा आत येतेय. तिन्हींपैकी काय होतं ते लिहा.

आणि ते पेट्रोल तीन महिन्यांपूर्वीचं आहे ना? टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर हलवू नका.

भरतीओहोटी
एवढा उपद्व्याप कशाला? हवा घेतो तिथे स्टार्टिंग स्प्रे मारा, फटक्यात सुरू होईल.

जुनाप्लग
सुरू होईल, पण ते तर आताही होतंय! टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. स्प्रे मारला की सिलिंडरवरची तेलाची फिल्म धुऊन जाते आणि पिस्टन कोरडा घासतो. अगदीच तपासायचं असेल तर तेल मिसळलेल्या पेट्रोलचे चार थेंब प्लगच्या भोकातून सोडा. उत्तर तेच मिळेल, इंजिन वाचेल.

वल्हेकरी
बाटली बघून घाबरलो. खाली बोटभर गढूळ थर आणि वर पेट्रोल, मधे रेघ आखल्यासारखी. हे पाणी गेलं कुठून? टाकी तर घरात होती, झाकण घट्ट.

टाकी रिकामी करून पुसली. ताजं पेट्रोल, लिटरला २० मिली तेल. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सोडला (एवढीच हिंमत झाली), तर तांबूस पाणी आणि पांढरी भुकटी पडली. आता सहा सेकंद चालतं. फुगा पंधरा वेळा दाबला, बाण वर धरून. मऊच.

जुनाप्लग
पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषत राहतं. सोसवेना इतकी ओल झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. नळीचं तोंडही तळालाच. वर, तेल राहतं पेट्रोलबरोबर, म्हणजे तो गढूळ थर बिनतेलाचा. इंजिन त्यावर चाललं नाही हे तुमचं नशीब.

आता मऊ फुगा. इंजिन सुरू करा आणि कुणाला तरी फुगा सतत दाबत बसवा. दाबेपर्यंत चाललं आणि थांबताच मेलं, तर दोष पाइप, कनेक्टर किंवा फ्युएल पंपाच्या पडद्यात. माझा पहिला संशय पाइपच्या टोकाच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कडीवर. बाहेरून थेंबही गळत नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. पण चालत्या इंजिनाचा पंप तिथून पेट्रोल ओढत असतो, तेव्हा बारीक चिरेतून बाहेर काही येत नाही, आत हवा जाते.

एक मात्र, हे सगळं पंखा पाण्यात असतानाच. कोरडं चालवलंत तर इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चाक, इम्पेलर, मिनिटभरात जातं.

वल्हेकरी
मेहुण्याला फुग्यावर बसवलं. त्याने दाबलं तोवर इंजिन गात होतं, त्याने फोन उचलला आणि मेलं. ओ-रिंग काढून नखावर ताणली तर केसाएवढी चीर उघडली, नुसतं बघून दिसली नसती. नवी टाकली. सातव्या दाबाला फुगा कच्च्या पेरूसारखा कडक. तिसऱ्या झटक्याला सुरू, चोक ढकलला तरी चालूच. चाळीस मिनिटं फिरवलं. मागच्या बाजूने इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धारही व्यवस्थित.

फक्त अगदी हळू ठेवलं की उचकी लागते आणि कधी कधी बंद पडतं. वेग दिला की ठीक.

जुनाप्लग
ती पांढरी भुकटी आठवते? थोडी आयडल जेटमध्ये, म्हणजे हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या नळीत, अडकलीय. त्याचं भोक सगळ्यात बारीक, म्हणून तेच आधी तुंबतं. आता उघडावंच लागेल. कार्ब क्लीनर मारा, हवेने फुंका. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. आणि मोठ्या ताटात जुना पांढरा टॉवेल पसरून त्यावर काम करा. स्प्रिंग उडाली तरी ताटात राहील.

वल्हेकरी
ताट मिळालं, टॉवेल मिळाला. शनिवारी उघडतो. मेहुण्याला कळवलेलं नाही.