धागा: इंदूरला स्वतःचा तपशीलवार भूवैज्ञानिक नकाशा हवा का?

लोकमान्यनगरकर (धागाकर्ता)

जमिनीखाली कुठे कोणता खडक आहे ते दाखवणारा हा नकाशा. माझं मत आधीच सांगतो: हवा, आणि तो सरकारी खर्चानेच व्हायला हवा.

उन्हाळा लागला की गल्लोगल्ली बोरिंगच्या गाड्या उभ्या राहतात. एका प्लॉटवर दोनशे फुटांवर पाणी लागतं, भिंतीपलीकडे पाचशे फूट जाऊनही नुसती धूळ. मग नशिबाला दोष, किंवा तळहातावर नारळ घेऊन पाण्याची जागा सांगत फिरणाऱ्याला दक्षिणा.

माळवा म्हणजे सगळा एकच काळा दगड, हा समज चुकीचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट. भेगा नसतील तर त्यात पाणी जवळजवळ नाहीच. माथ्याकडचा भाग वायूच्या पोकळ्यांचा आणि झिजलेला. पाणी मिळतं ते या माथ्यात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. बोरिंग चालू असताना जवळ उभं राहून पाहा. राखाडी भुकटी उडता उडता मध्येच विटकरी होते. तो पुढचा लाव्हा येण्याआधी उघड्यावर कुजलेला जुना माथा. मशीनवाल्याला हे सगळं कळतं, पण गाडी हलली की ती माहितीही गेली. कोणी लिहून ठेवत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासून काम करतंय. देशाच्या बहुतेक भागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे झालेत, 'भूकोश' या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. एक मिलिमीटरची रेघ ओढली की पन्नास मीटर झाकले गेले. शहराला हे पुरत नाही.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याने १९६० ते १९७८ या काळात १:२४,००० प्रमाणावर सगळं राज्य ७०७ नकाशांत मांडलं. २००० साली हिशेब झाला तेव्हा त्यांचं मूल्य खर्चाच्या २५ ते ३९ पट निघालं.

राऊवाला

बांधकामात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. असा नकाशा मी एकदाही उघडला नाही आणि माझं काही अडलं नाही. प्रत्येक प्लॉटवर माती तपासावीच लागते. काळी माती कुठे चार फूट, कुठे पंधरा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि कंपाउंडची भिंत तडकते. हे मला भोक पाडूनच कळतं, आणि नकाशा झाला तरी भोक पाडावंच लागणार.

केंटकीचा आकडा जरा जपून वापरा. तो नकाशे वापरणाऱ्यांनाच विचारून काढलेला आहे. ज्याला उपयोग झाला तोच उत्तर देणार. शिवाय तिथे कोळसा आहे, चुनखडी आहे, जमिनीखाली गुहा आहेत. आपल्याकडे यातलं काय आहे?

लोकमान्यनगरकर

राऊवाले साहेब, विचारून काढलेला आकडा आहे हे खरं. पण ज्याने वापरलाच नाही त्याला किंमत विचारणार तरी कशी?

आणि भोक पाडायला माझा विरोध नाहीच. तुमचं भोक तुमच्या प्लॉटपुरतं बोलतं. दोन भोकांच्या मधे काय आहे, ते थरांचा अंदाज असल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याकडचे थर बहुतांशी आडवे आहेत. नाल्याचा काठ, खदान, जुनी विहीर, रस्त्यासाठी कापलेली टेकडी इथे सांध्याची उंची मोजत गेलं, की तोच सांधा पुढे साधारण कोणत्या उंचीवर भेटेल ते बांधता येतं. ते चुकूही शकतं, पण नारळापेक्षा कितीतरी भरवशाचं.

धारची मास्तरीण

मला वेगळीच काळजी आहे. हे भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं तेच मुळी कंपनी सरकारला कोळसा हवा होता म्हणून. आजही आदिवासी भागात खडक तपासणारी जीप आली की लोक विचारतात, खाण निघणार का? झाबुआत मेघनगरकडे रॉक फॉस्फेट सापडलं. देशाच्या शेतीला खत मिळालं, पण खाणीशेजारच्या माणसाला काय मिळालं, तेही नकाशाच्या फायद्याच्या हिशेबात धरा ना.

आणि आमच्या धार-झाबुआत पाण्यात फ्लोराइड आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. त्यासाठी नकाशाची वाट कशाला बघायची? हातपंपाचं पाणी तपासा, वाईट निघाला तर बंद करा. पैसा आधी तिकडे जाऊ दे.

पलासियाकर

ताई, खाणीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण खाणकंपनी स्वतःचं सर्वेक्षण स्वतःच्या पैशाने करून घेते आणि कपाटात ठेवते. उघडा सरकारी नकाशा नसेल तर ग्रामसभेकडे उलट प्रश्न विचारायला काय उरतं?

फ्लोराइडचं म्हणाल, तर तपासणीतून कळतं की हा पंप वाईट आहे. नवा कुठे, किती खोल घ्यायचा, हे खडक सांगतो. फ्लोराइड येतं ते खडकातल्या खनिजांतून. जागा बदलली पण खडक तोच, तर नवा पंपही तसाच निघायचा.

जुनी इंदूर

सगळ्यांचं वाचलं. तरी मला वाटतं इंदूरचा प्रश्न नकाशाने सुटणारा नाही. नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणून झालेल्या १९७० च्या आंदोलनानंतर नर्मदा आली ती १९७८ मध्ये. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढवून, चारशे मीटरहून जास्त उंच पाणी उचलतो आपण, आणि त्या विजेचं बिल महापालिका भरते. एवढा पैसा ओतूनही बोरिंग थांबलेलं नाही. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणणाऱ्या माळव्यात तलाव बुजवले कोणी? नकाशा नव्हता म्हणून नाही बुजले. छतावरचं पाणी जमिनीत सोडा, तलाव मोकळे करा. तेवढं आधी.

लोकमान्यनगरकर

काका, तलावांबद्दल माझं दुमत नाही. पण पाणी जमिनीत सोडायचं तर कुठे? घट्ट थरावर खड्डा खणला तर तो पावसाळाभर भरून राहतो आणि डास होतात. झिजलेल्या माथ्यापर्यंत नेला तर मुरतो. म्हणून माझी मागणी नेमकी करतो: प्रत्येक बोरिंगवाल्याने किती फुटांवर काय लागलं आणि पाणी कुठे लागलं, याचा एक कागद महापालिकेला द्यावा. मेट्रोच्या खोदाईच्या नोंदीही उघड्या कराव्यात. भूवैज्ञानिकांना निम्मं काम तयार मिळेल.

राऊवाला

बोरिंगवाला खरे आकडे लिहील याची खात्री कोण देणार? फुटांवर पैसे घेतो तो, दहा-वीस फूट वाढवूनच लिहील. वर कोणी तपासणारा बसवणार असाल तर त्या कागदाला मी मत देईन. नकाशाला अजून नाही.