गॅसदाहिनीत दहन केल्यास अस्थी मिळतात का?

धरमपेठकर : नव्वदीला टेकलेल्या माझ्या आत्याने, आपल्यासाठी लाकडे जाळू नयेत, गॅसदाहिनीतच दहन करावे, असे घरात निक्षून सांगून ठेवले आहे. काकांचे म्हणणे असे की दाहिनीत सगळेच भस्म होते, मग तिसऱ्या दिवशी सावडायचे काय आणि रामटेकला अंबाळा तलावात सोडायला न्यायचे काय? दाहिनीत नेमके काय घडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटरस्ता : काकांची शंका अनाठायी आहे. दहनात शरीरातील पाण्याची वाफ होते आणि मांस जळून वायुरूपाने निघून जाते. हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट मात्र दाहिनीतील सुमारे 800 ते 1000 अंश सेल्सिअस तापमानालाही टिकते, आणि त्यालाच आपण अस्थी म्हणतो. प्रौढ व्यक्तीच्या अशा अस्थी साधारण दोन ते तीन किलो भरतात. चितेला काही क्विंटल लाकूड लागते व त्याची राख अस्थींत मिसळते, म्हणून तिथला ढीग मोठा दिसतो, एवढेच. उलट दाहिनीत हाती येतात ते पांढुरके, बोटांनी चुरतील इतके ठिसूळ तुकडे, आणि त्यांत लाकडाची राख नसते. परदेशात ते यंत्रात दळून त्यांची पूड देतात. आपल्याकडे तसे करत नाहीत. शिवाय निखारे विझण्याची वाट पाहावी लागत नसल्याने अस्थी बहुधा त्याच दिवशी मिळतात. त्या मडक्यात ठेवून तिसऱ्या दिवशीचा विधी करता येतो. आत्याबाईंना पेसमेकर बसवलेला असल्यास तो दहनापूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्यावाच, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते.

महालकर : अंबाळ्याला नेताना अस्थी सुती कापडात बांधाव्यात आणि पिशवी, हार, फोटो असले काही पाण्यात टाकू नये. हाडांचे तुकडे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, ते तळाशी बसतात. म्हणून आमच्या घरी मूठभर अस्थी तलावात सोडून उरलेल्या शेतात पुरल्या आणि वर कडुनिंब लावला. मात्र हे अवशेष क्षारयुक्त असतात, तेव्हा थेट मुळाशी न घालता भरपूर मातीत मिसळावेत. गुरुजींनी थोडी कुरकुर केली, पण विधी सांगितला.

एक वाचक : विधींच्या चर्चेत कागद विसरू नयेत. मृत्यू घरी झाल्यास मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांकडून लागतो, आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. घाटावरची पावती जपून ठेवावी, कारण पुढे मृत्यूचा दाखला काढताना तिची गरज पडते. काका चितेवरच अडून बसले, तर शेतातील काडीकचऱ्यापासून केलेल्या ठोकळ्यांचा, म्हणजे मोक्षकाष्ठाचा, पर्याय त्यांच्यापुढे ठेवून पाहावा. त्यात झाड तोडावे लागत नाही आणि अग्नी देण्याची रीतही तशीच राहते. अर्थात आत्याबाई स्वतः बोलू शकतात, तर त्यांची आणि काकांची समोरासमोर गाठ आताच घालून द्यावी.