'रेप्लिका' रायफल : प्रतिकृती, नक्कल की आवृत्ती?

प्रश्न : जुन्या अमेरिकन लिव्हर-ॲक्शन रायफलींवर, म्हणजे खालची तरफ खाली-वर करून काडतूस चढवायच्या बंदुकांवर, मराठीत लिहितेय. 'रेप्लिका'साठी 'प्रतिकृती' घातलं, पण खटकतंय. प्रतिकृती म्हटलं की दिवाळीत अंगणात केलेला मातीचा रायगड डोळ्यांपुढे येतो. ही बंदूक तर खरोखर बार काढते. 'नक्कल' चालेल? आणि कारखाने ठरावीक मॉडेलंच पुन्हा का काढतात?

प्रतिसाद : नक्कल नको. सातबाराची नक्कल मिळते तिथे शब्द स्वच्छ आहे, पण वस्तूला लावला की बनावट मालाचा वास येतो. या रायफलींवर आजच्या कारखान्याचं नाव उघड कोरलेलं असतं.

प्रतिसाद : मी 'आवृत्ती' म्हणेन, आणि कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नातच आहे. प्रकाशक जुनं पुस्तक पुन्हा छापतो तो आज वाचणारा आहे म्हणून. इथेही तसंच. इटलीत ब्रेशाजवळच्या गार्दोने वाल त्रोम्पियात उबेर्ती हा कारखाना १९५९पासून जुन्या अमेरिकन बंदुका नव्याने घडवतो. मूळ हेन्री रायफली निघाल्या जेमतेम चौदा हजार, विंचेस्टर १८७३ सात लाखांहून जास्त. उबेर्ती दोन्ही करतो. म्हणजे मूळ खप हा निकष नव्हे. हेन्री आणि विंचेस्टरची १८६६ व १८७३ ही मॉडेलं (नावं सालांवरूनच), या तिघींच्या पोटात गुडघ्यासारखी दुमडणारी तीच सांध्यांची जोडी आहे, त्यामुळे एक जमली की बाकीच्या दोघी सोप्या.

मग गिऱ्हाईक. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात काउबॉय नेमबाजी, म्हणजे जुन्या काउबॉय थाटातल्या नेमबाजीच्या स्पर्धा, सुरू झाली. तिच्या मुख्य स्पर्धेत जुन्या बनावटीची, रिव्हॉल्व्हरचं काडतूस घेणारी रायफल लागते. १८७३ आणि १८९२ तिथे चालतात; मोठ्या काडतुसाची १८७६ चालत नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक थोडं. उलट विंचेस्टर १८९४ अमेरिकेत २००६पर्यंत निघतच होती. अस्सल माल दुकानात असताना दुसरा कोण घेणार?

सगळ्यात मोठी अट काडतुसाची. हेन्रीचं मूळ .४४ रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोकल्यावर पेटणारं) काडतूस आता बाजारात नाही, म्हणून नवी हेन्री .४४-४० किंवा .४५ कोल्ट ही काडतुसं घेते. ही काडतुसं लांब, म्हणून सांगाडाही थोडा वाढवलाय. जुन्या १८७३मध्ये .४५ कोल्ट कधीच नव्हतं. नवीत सर्रास असतं. हुबेहूब नाही, म्हणून 'सुधारित आवृत्ती'.

पण काही खोडी तशाच ठेवतात, आणि मला त्याच आवडतात. हेन्रीला नळीखाली लाकूड नाही, नळी तापली की हात पोळतो. खालच्या खाचेतून काडतुसं ढकलणारी खुंटी मागे सरकत येते आणि धरलेल्या हातावर आपटते. नेमबाज हात उचलून खुंटीला वाट देतो.

प्रतिसाद : 'घोडा' जपून वापरा. घोडा म्हणजे आपटून काडतूस पेटवणारा मागचा भाग; आपण घोडा दाबला म्हणतो तेव्हा बहुधा चाप म्हणायचा असतो. या रायफलीत तरफ खाली-वर केली की रिकामं काडतूस उडतं, नवं चढतं आणि घोडाही मागे बसतो. बोट ओढतं तो चाप.

प्रश्नकर्ती : मग असं लिहिते : "१८७३च्या विंचेस्टरची ही इटालियन आवृत्ती. तरफ ओढली की घोडा चढतो, चाप ओढला की पडतो." 'प्रतिकृती' संग्रहालयात काचेआड ठेवायच्या, बार न निघणाऱ्या नमुन्यासाठी राखून ठेवते.