मॅनिटोबातली मेनोनाइट बाई गेल्यावर मागे मुलांना काय मिळायचं?

रानजाई:
सध्या कॅनडातल्या मॅनिटोबाचे जुने मेनोनाइट (हा एक ख्रिस्ती पंथ) मृत्युलेख भाषांतरात वाचतेय, १८७४ नंतर रशियातून (आताचं युक्रेन) तिकडे गेलेल्या शेतकरी घरांतले. सगळे जवळपास एकाच साच्यातले. बाई किती वर्षं, किती महिने, किती दिवस जगली, संसार किती वर्षांचा, मुलं किती झाली, त्यातली किती तिच्याआधी गेली, नातवंडं किती. शेवटच्या आजारपणाबद्दल भरपूर लिहिलेलं असतं पण ती दिवसभर काय करायची यावर एक ओळ नाही. आणि कितीतरी ठिकाणी नवऱ्याने काही महिन्यांत दुसरं लग्न केलेलं, ते वाचून फार वाईट वाटतं. तिच्या मुलांना काही मिळायचं का?

गव्हाळ:
मिळायचं, आणि हीच त्या समाजाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. त्यांच्या चर्चची एक कचेरी असायची, वाइझेनआम्ट म्हणायचे तिला, अनाथ मुलांची मालमत्ता सांभाळायला. नवरा-बायकोपैकी कोणीही गेलं की घरदार, जमीन, जनावरं सगळ्याची किंमत धरायची, निम्मं मागे राहिलेल्याचं आणि निम्मं मुलांचं, आणि मुलगा-मुलगी सारखाच वाटा, जमिनीत सुद्धा. विधुराला दुसरं लग्न करायचं तर आधी पहिलीच्या मुलांचा हिस्सा लिहून द्यावा लागायचा. अज्ञान मुलांसाठी पालक नेमायचे आणि त्यांचे पैसे कचेरीत व्याजावर राहायचे. बायकोच्या नावावर जमीन आली म्हणून जोडपं तिच्या माहेरच्या गावात राहिलंय असंही व्हायचं.
लग्नाच्या घाईबद्दल, अहो घरात तान्हं मूल, पाच-सहा लहान पोरं, दूध काढणं, लोणी, कोंबड्या, बाग, मळणीला आलेल्या माणसांचं जेवण, हे सगळं एकट्या पुरुषाला झेपणारं नव्हतंच. बायका बाळंतपणात जायच्या हेही खूप, गावातली सुईण हाच काय तो आधार.

कडुलिंब:
गव्हाळ, वाटणीचं बरोबर आहे पण चित्र जरा जास्तच गोड झालंय. मालमत्ता निम्मी असली तरी चर्चचे निर्णय घ्यायच्या सभेत फक्त बाप्तिस्मा झालेले पुरुष बसायचे, बाप्तिस्मा बाईचाही झालेला असायचा तरी तिला तिथे मत नाही. नवरा गेला तर विधवेच्या मदतीला म्हणून पुरुष नेमले जायचे, ते हिशोब बघणार. म्हणजे हक्क होता, कारभार नव्हता. मृत्युलेखात तिचं काम येत नाही त्याचं कारण मला तरी यातच दिसतं, आणि शिवाय ते लेख लिहायचे ते श्रद्धेने मरण कसं आलं हे सांगायला, म्हणून आजारपण एवढं सविस्तर.

रानजाई:
दोघांचेही आभार. हक्क आणि कारभार वेगळे हे डोक्यातच आलं नव्हतं. अंत्यविधीबद्दल कोणाला माहितीये का?

पाऊलवाट:
मला थोडं माहितीये. निमंत्रणाचं पत्र घरोघर फिरायचं, त्यात नावांची यादी, वाचलं की पुढच्या घरी द्यायचं. विधी बरेचदा घरीच किंवा गोठ्या-कोठारात, कारण सगळ्यांना मावेल एवढी जागा तिथेच. त्यांची घरं आणि गोठे एकाच छपराखाली जोडलेले असायचे, उणे तीस डिग्रीच्या थंडीत बाहेर न पडता दूध काढता यावं म्हणून, म्हणजे ती जिथे राबली त्याच छपराखालून तिला न्यायचे. नंतर सगळ्यांना कॉफी आणि दोन मजली पाव, त्स्वीबाक, आणि ते भाजणाऱ्या परत शेजारच्या बायकाच.
ताई, तिच्या कामाचा माग हवा असेल तर मृत्युलेखावर थांबू नका. विनिपेगच्या मेनोनाइट अभिलेखागारात वाइझेनआम्टच्या वह्या आहेत. घराची किंमत धरायची म्हणजे गायी, चूल, अंथरुणं अशा एकेका वस्तूपर्यंत जावं लागायचं, तेव्हा तिचा संसार तिथे जास्त सापडेल. जर्मनमध्ये आहेत, जुन्या वळणाच्या अक्षरात, वाचायला कोणाची तरी मदत घ्यावी लागेल.