अनुभव धागा: 'माझ्यावर भरवसा नाही का?'

रस्त्यावरचे नियम बहुतेकांना पाठ असतात. अडतं ते बोलून दाखवताना. 'बेल्ट लाव', 'जरा हळू घे' म्हटलं की चालवणाऱ्याला राग येतो, जणू त्याच्या हाताला नावं ठेवली. जगभरात ५ ते २९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात आहे. तरीही आपण भिडेखातर गप्प बसतो, याची मला मनापासून चीड येते. तुम्ही कुणाला टोकलंत तेव्हा काय झालं? लिहा.

—

भावजींच्या गाडीत मागे बसले, तर बेल्टचं बकल सीटच्या फटीत गेलेलं. बोटं घालून वर काढलं. भावजी आरशातून म्हणाले, "अगं, मागे कोण लावतं? माझ्यावर भरवसा नाही का?" म्हटलं, तुमच्यावर आहे, समोरून येणाऱ्यावर नाही. शिवाय धडक बसली तर मी पुढच्या सीटवर आदळणार आणि त्या सीटवर ताई आहे. मग लक्ष गेलं, त्यांच्या स्वतःच्या बकलात नुसती क्लिप खोचलेली, अलार्म वाजू नये म्हणून. ही क्लिप मुद्दाम विकत आणावी लागते! तेवढी खटपट करतात, पण खांद्यावरून बेल्ट ओढवत नाही. ताईने लगेच लावला. भावजी घर येईपर्यंत बोलले नाहीत.

—

अपघात विभागात परिचारिका आहे. "हेल्मेट होतं हो त्याच्या डोक्यावर," असं नातेवाईक कळवळून सांगतात. पट्टा लावलेला नसेल तर पडताना ते डोक्यावर राहत नाही. म्हणून ओळखीतल्या प्रत्येकाच्या हनुवटीखाली मी हात घालून बघते. चिडतात. चिडू देत.

—

मी ट्रक चालवतो. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की कुणीतरी त्यात घुसतंच. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पोचेपर्यंतच तेवढी जागा संपते. वेग दुप्पट असेल तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, त्यात माल भरलेला. मागचे हॉर्न मारून मला भित्रा ठरवतात. मी अंतर सोडतोच.

—

झेब्रा क्रॉसिंगवर थांबलेल्या गाडीला बाजूने ओलांडणाऱ्यांबद्दलही लिहा कुणीतरी. पहिली गाडी थांबते, तिच्या आडून दुसरी येते आणि चालणारा माणूस मधोमध सापडतो. वडिलांना घेऊन जाताना मी आता प्रत्येक लेनपाशी थांबून वाकून बघतो.

—

आमच्या घरात उलटं केलंय: चालवणाऱ्याला टोकायचं नाही, फोन करणाऱ्याने ठेवायचा. "गाडीवर आहेस? मग ठेवते, पोचलास की कर." मुलगा आता स्वतःच मित्रांना हेच सांगतो.