मदत हवी आहे: वेल काढल्यापासून अंगावर फोड, घरगुती उपाय सांगा

अंगणवेल
नमस्कार मंडळी. शनिवारी नवऱ्याने मागच्या कुंपणावरची वेल उपटून काढली. सोमवारपासून त्याच्या दोन्ही हातांवर लाल रेघा उठल्या, आता त्यात पाणी भरलंय आणि खाज इतकी की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल मुलीच्या पोटरीवरही तसंच दिसायला लागलं, आणि तिने त्या वेलीला हातसुद्धा लावलेला नाही. सासूबाई म्हणतात नागीण आहे. हळद आणि खोबरेल लावून झालं, कडुनिंब इथे मिळत नाही. स्टेरॉइड नको आहे. नैसर्गिक उपायच सांगा, आणि कृपया लवकर सांगा.

घाटवाट
खाजकुयली असणार. शेंगेवरची लव कातडीत घुसते. अजिबात खाजवू नका, पाणी लावू नका. ओलं शेण नाहीतर चिखल लावायचा, वाळला की खरवडून काढायचा, लव त्याच्याबरोबर निघून येते. आमच्या गावी सगळे हेच करतात.

निशिगंध
घाटवाट, खाजकुयलीची खाज लागल्या क्षणी सुरू होते, दोन दिवसांनी नाही. आणि उघड्या फोडांवर शेण? धनुर्वाताचा धोका आहे, कृपया असं सुचवू नका.
अंगणवेल, कडुनिंब मिळत नाही म्हणजे तुम्ही भारतात नाही का? कुठे राहता? वेलीची पानं कशी होती?

अंगणवेल
न्यू जर्सीत. पानं तीन-तीनच्या जुडीत होती म्हणतो, आणि जाड खोडाला तपकिरी केसांसारखं काहीतरी. पण उपाय सांगा ना कोणीतरी!

जर्सीकर
हा पॉयझन आयव्ही. तीन पानांची जुडी, मधल्या पानाचा देठ लांब आणि झाडावर चढलेल्या खोडाला केसाळ मुळं. इथे कुंपणाकडेला सगळीकडे असतो.
नागीण नाही. नागीण बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, दोन्ही हातांवर आणि वर मुलीलाही अशी येत नाही. पॉयझन आयव्हीच्या पानांत, खोडात, मुळांत उरुशिऑल नावाचं तेल असतं. ते कातडीत मुरतं आणि अंगाला त्याची ॲलर्जी होते. म्हणून पुरळ 12 ते 48 तासांनी दिसतं, आधी कधीच संपर्क आला नसेल तर आठवडा-दोन आठवडेही लागतात.
शनिवारी काम झाल्यावर नवऱ्याने हात कशाने धुतले? हातमोजे, बूट, कात्री आता कुठे आहेत? घरात कुत्रा आहे का?

माईआजी
अगं पोरी, हा तर आपल्या बिब्ब्याचाच भाऊ. आमच्याकडे विदर्भात बिब्बा अंगावर उतला की असेच फोड येतात. कोथिंबिरीचा रस लावायचा आणि तीळ-खोबरं चावून खायला द्यायचं, आतली आग शांत होते. जावईबापूंना चार दिवस वांगं, लोणचं, मिरची देऊ नकोस.

एकतारी
नैसर्गिक हवंय ना, मग सरळ होमिओपॅथीचं रस टॉक्स 30 सुरू करा, चार-चार गोळ्या दिवसातून तीनदा. हे औषध पॉयझन आयव्हीपासूनच बनतं. काट्याने काटा निघतो. माझ्या मावसभावाला डॅलसमध्ये आठवड्यात उतार पडला.

सोनटक्का
मी इथे फार्मसीत काम करते, मे-जूनमध्ये रोज दोघं-तिघं हेच घेऊन येतात. एकतारी, हे पुरळ एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरं होतं, त्यामुळे काहीही घेतलं तरी त्याचंच नाव होतं. 30 पोटेन्सीत, म्हणजे इतकं पातळ केल्यावर, मूळ वनस्पतीचा रेणूसुद्धा उरत नाही. कोणी पानं चावून प्रतिकारशक्ती आणा म्हणालं तर ते तर मुळीच करू नका, तोंड आणि घसा सुजतो.
माईआजी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन आयव्ही एकाच कुळातले. आंब्याचा चीक उततो तोही याच जातीच्या रसायनामुळे.
अंगणवेल, आता तुमच्यासाठी. गार पाण्याची पट्टी 15-20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून कोमट पाण्याच्या टबात घाला आणि त्यात हात बुडवून बसायला सांगा. खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट किंवा कॅलामाइन लोशन, फोड फुटून वाहायला लागले की विशेष उपयोगी. हळद बंद करा, तिच्या पिवळेपणात लाली किती वाढली ते कळत नाही. लिंबू, व्हिनेगर, लसूण फोडांवर नको. खाजेवर मिळणारी बेनाड्रिलची क्रीमही नको, तिचीच वेगळी ॲलर्जी येऊ शकते. फोड फोडू नका.

एकतारी
ॲलोपॅथीवाल्यांना दुसरं काही पटतच नाही. माझा अनुभव मी सांगितला, घ्यायचा त्यांनी घ्यावा.

घाटवाट
बिब्ब्यावरून आठवलं. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करायचे, धुतल्या तरी जात नसत. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर त्या खुणेच्या जागी फोड यायचे, कपडा धुतलेला असूनही. हे तेल किती चिवट ते यावरून बघा.

अंगणवेल
त्याने नंतर नुसत्या पाण्याने हात धुतले. मोजे आणि बूट गॅरेजमध्ये. कुत्रा आहे, ब्राउनी, दिवसभर मागेच खेळत होता. फोडातलं पाणी लागून मुलीला झालं का? तिला वेगळं झोपवू का? सोनटक्का, ओट्स आजच करते. वेलीचा ढीग मागे तसाच आहे, रविवारी फायरपिटमध्ये जाळून टाकू.

जर्सीकर
जाळू नका! धुरातून तेच तेल नाकात, घशात, फुप्फुसात जातं. माणसं श्वास अडकून हॉस्पिटलात गेली आहेत. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड रबरी मोजे घालून ढीग कचऱ्याच्या पिशव्यांत भरा, तोंडं घट्ट बांधा. वाळलेल्या वेलीतही तेल असतंच.
मुलीला वेगळं झोपवायची गरज नाही. फोडातल्या पाण्यात उरुशिऑल नसतं, त्याने पुरळ पसरत नाही. तिला ते ब्राउनीच्या केसांवरून लागलं असणार. कुत्र्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, पण अंगावर तेल घेऊन घरभर फिरतात. त्याला रबरी मोजे घालून शाम्पूने अंघोळ घाला. बूट, कात्री, दाराची मूठ, गाडीचं स्टिअरिंग, फोनचं कव्हर, सगळं भांड्याच्या साबणाने पुसा. त्या दिवशीचे कपडे वेगळे, गरम पाण्यात. हे तेल वस्तूंवर महिनोन्महिने टिकतं. तुम्ही वर कितीही लेप लावा, ती कात्री पुन्हा हातात आली की पुन्हा फोड.
पुढच्या वेळी संपर्क आल्याबरोबर, पहिल्या 10-15 मिनिटांत, भरपूर गार पाणी, भांड्याचा साबण आणि फडक्याने घासून धुवायचं. नुसतं पाणी तेलाला पुरत नाही, आणि न धुतलेल्या अंगावर खोबरेल चोळलं तर ते पसरतं.

निशिगंध
इथे ओढ्याकाठी ज्वेलवीड उगवतं, नारिंगी फुलांचं, आपल्या तेरड्याच्याच कुळातलं. इथले मूळ रहिवासी त्याची ताजी खोडं ठेचून पॉयझन आयव्हीवर लावत आले आहेत. मीही ट्रेलवर लावते. ठेचून लगेच लावलं तर थोडा फरक पडतो. पण साबण जवळ असेल तर साबणच. अंगणवेल, चेहऱ्यावर काही आहे का?

अंगणवेल
हो, सकाळपासून नवऱ्याच्या डाव्या डोळ्याची पापणी सुजली आहे, डोळा अर्धाच उघडतो. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. पापणीला काय लावू?

सोनटक्का
काहीही लावू नका. आजच अर्जंट केअरला (आधी वेळ न घेता जाता येतं त्या दवाखान्यात) न्या. चेहरा, डोळे, गुप्तांग किंवा अंगाचा मोठा भाग सुजला असेल तर घरगुती उपायांवर थांबायचं नसतं. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला तर थेट इमर्जन्सी. ते बहुधा तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड देतील. तुम्हाला नको आहे हे समजतंय, पण थोड्या दिवसांच्या कोर्सला घाबरू नका. दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत देतात का, एवढं मात्र विचारा. सहा दिवसांच्या गोळ्यांच्या पाकिटावर पुरळ पुष्कळदा उलटून येतं. मधुमेह किंवा बीपी असेल तर आधी सांगा.

माईआजी
डोळ्याचा विषय आहे, ऐक तिचं. कोथिंबीर मी हातापुरती म्हटली होती.

अंगणवेल
जाऊन आलो. कमी करत आणायच्या गोळ्या दिल्या आहेत, दोन आठवड्यांच्या वर. त्याला शुगर आहे हे मी इथे लिहिलं नव्हतं, तिथे सांगितलं, रोज तपासायला सांगितली आहे. ओट्सच्या पाण्याने मुलीला खरंच आराम पडला, काल रात्री झोपली. ब्राउनीला अंघोळ घातली. चामड्याचे हातमोजे धुतले तर चालतील का?

जर्सीकर
टाकून द्या. चामड्यात मुरलेलं तेल निघत नाही. आणि मुळं जमिनीत राहिली असतील तर वेल पुन्हा फुटेल, कोवळी दिसली की लगेच काढा, पण उघड्या हाताने नाही. हिवाळ्यात पानं नसतात तेव्हाही केसाळ खोडाला हात लावू नका.

पाऊसवाट
माझ्याही शेडवर वेल चढली आहे, पण पानं पाच-पाच आहेत. काढू का? हेच आहे का?

जर्सीकर
पाचाची बहुधा व्हर्जिनिया क्रीपर. पण दोन्ही वेली एकमेकींत गुंतून वाढतात, आणि क्रीपरच्या कोवळ्या पानांच्या जुडीत कधी तीनच असतात. काढायच्या आधी पानाचा आणि खोडाचा जवळून फोटो टाका.